इळीचा ठसा

चित्र कोरून त्याचे ठसे काढायला शिकायचं म्हणून गेले होते, पण पहिल्या रविवारी बाईंनी ज्यावर कोरायचं त्या लिनोला हातसुद्धा लावू दिला नाही. येताना पाव किलो भेंडी आणि दोन बटाटे आणायला सांगितले होते. त्यांच्या घरातल्या तळमजल्याच्या खोलीत आम्ही पाचजणी बसलो होतो, समोर जुनी वर्तमानपत्रं, बशीत पोस्टर कलर. भेंडी मधोमध कापायची आणि एकाच भेंडीचे चाळीस ठसे मारायचे, एवढंच काम होतं.

भेंडीचे ठसे आपण सगळ्यांनीच शाळेत मारलेले असतात. पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, आपण त्याला देठ काढतो, पानं काढतो, झालं. चाळीस ठसे मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा मारले. दहाव्या ठशापर्यंत कंटाळा आला होता. विसाव्याच्या सुमारास लक्षात आलं, की रंग जास्त झाला की बियांच्या जागची पांढरी भोकं भरून जातात, आणि फार कमी झाला की पाकळीची कड तुटते. दाबताना मनगट जरा जरी हललं तर दुहेरी कड येते. तिसाव्यानंतर हाताला स्वतःहूनच अंदाज यायला लागला. पुढे खरी छपाई करताना ज्या चुका होणार होत्या, त्या सगळ्या त्या भेंडीने त्या सकाळीच दाखवून ठेवल्या होत्या.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. आता सत्तरी ओलांडली आहे, कोल्हापुरातच राहतात आणि रविवारी सकाळी हौशी मंडळींना शिकवतात. मी सत्तेचाळीस वर्षांची. औषधांच्या एका घाऊक दुकानात हिशेब बघते. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत बी ग्रेड मिळाली होती. इंटरमिजिएटचं वर्ष आलं तेव्हा घरच्यांनी अभ्यासाकडे लक्ष दे म्हणून सांगितलं आणि चित्रकला सुटली. ती गेल्या जूनपर्यंत सुटलेलीच होती.

बटाट्यावर मी ‘क’ कोरला. ठसा उलटा आला, हे सांगायला नकोच. बाई म्हणाल्या, “आत्ता बटाट्यावर चुकलीस ते बरं झालं.” मग त्यांनी मिरजेच्या गीतेची गोष्ट सांगितली. गीता छापायची हे नाना फडणविसांच्या मनात होतं. ते काम अखेर १८०५ साली मिरजेत पुरं झालं, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. मिरज इथून पन्नासेक किलोमीटर. सातशे श्लोक, देवनागरी, आणि प्रत्येक अक्षर आरशात दिसावं तसं उलटं कोरलेलं. मी माझ्या बटाट्यावरच्या ‘क’कडे पाहिलं आणि त्या कारागिरापुढे मनातल्या मनात हात जोडले.

दुसऱ्या रविवारी बाईंनी विचारलं, “काय कोरायचंय?”

माझं उत्तर तयार होतं. पन्हाळा, पाऊस, ढगातून बाहेर येणारा तीन दरवाजा. घरी दोन रात्री बसून पेन्सिलीने चित्र करून आणलं होतं, बोटाने घासून छान करड्या छटा दिल्या होत्या. बाईंनी ते बराच वेळ पाहिलं. “चांगलं काढलंयस. पण हा करडा रंग कशाने कोरशील? लिनोत दोनच गोष्टी आहेत. जिथे कोरशील तिथे पांढरं, जिथे ठेवशील तिथे काळं.” आणि मग हळूच, “हा दरवाजा तू बघून काढलास की कॅलेंडरवरून?”

कॅलेंडरवरूनच काढला होता.

मला वाईट वाटलं, ते चित्र नाकारलं गेलं म्हणून नाही. पन्हाळ्याला मी कितीतरी वेळा गेले आहे, तरी तिथलं मला स्वतःचं म्हणून काहीच आठवेना, म्हणून. बाईंनी आठवड्याचा अभ्यास दिला. रोज रात्री घरातली एक वस्तू घ्यायची. आधी डोळे मिटून आठवायची आणि न बघता काढायची, पाच मिनिटांत. मग समोर ठेवून तीन बाजूंनी काढायची. शेवटी न बघता काढलेलं आणि बघून काढलेलं शेजारी ठेवायचं. “ज्या वस्तूची दोन्ही चित्रं सगळ्यात जवळ येतील ती तुझी. जिथे फरक सगळ्यात मोठा पडेल तीही तुझीच, पण ती पुढच्या वर्षी.”

मी अडकित्ता काढला, खलबत्ता काढला, कपाटाची किल्ली, तांब्या, छत्री, शिलाई मशीन. मशीन तर रोज डोळ्यांसमोर असतं, तरी त्याचं चाक डाव्या बाजूला काढलं होतं. सातव्या दिवशी माळ्यावरची आजीची विळी काढायला घेतली. आजी तिला ‘इळी’ म्हणायची. गेली पंधरा वर्षं ती कुणी वापरलेली नाही, आम्ही सुरीने ओट्यावर चिरतो. पण डोळे मिटून काढलेल्या पात्याचा बाक, पाटाला मधोमध झिजून पडलेला खोलगटपणा, टोकाला खवणीचं दातेरी चाक, सगळं जसंच्या तसं उतरलं. खाली काढून बघितली तेव्हा चुकलं होतं फक्त पाटाच्या खिळ्यांचं अंतर.

बाईंना दाखवलं. “सापडली,” म्हणाल्या. “आता हिचं काय करायचं ते शोध.”

माझ्या मते विळी सापडली म्हणजे चित्र सापडलं होतं. विळी सुंदर आहे, ती मधोमध काढायची आणि कोरायची. बाईंनी काडेपेटी हातात दिली. ती कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, अशा चोवीस चौकटी आखायच्या आणि प्रत्येकीत तीच विळी वेगळी बसवायची. एका चौकटीला दोन मिनिटं. खोडरबर वापरायचा नाही.

नव्याने काही करू पाहणाऱ्या कुणाला मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची झाली, तर ती या काडेपेटीच्या चौकटींची सांगेन. पहिल्या आठ माझ्या जवळजवळ सारख्याच होत्या, विळी डावीकडे, विळी उजवीकडे, विळी मोठी. नवव्या-दहाव्याला डोकं रिकामं झालं. अकराव्या चौकटीत नाइलाजाने वरून बघितल्यासारखी काढली आणि पातं एकदम बारीक रेघ झालं, पाट मोठा झाला. पाट एवढा रिकामा दिसला की मला तिथे पाय दिसला. आजी उकिडवी बसून उजवा पाय पाटावर घट्ट दाबायची. पंधराव्या चौकटीत पाय आला. सतराव्यात मी आजीला पूर्ण बसवली, तोंड, अंबाडा, सगळं, तर विळी हरवली. विसाव्यात पुन्हा फक्त पाऊल, जोडवी, लुगड्याचा काठ आणि पात्याचा बाक एवढंच राहिलं. चौकट एवढी छोटी होती की दुसरं काही मावतच नव्हतं. तिथे मी थांबले आणि उरलेल्या चार चौकटी कशाबशा भरल्या.

पण पाऊल नेमकं कसं दाबलं जातं? अंगठा वर असतो की पाटाच्या कडेला धरलेला? आजी तर आता नाही. आईचं वय शहात्तर, गुडघे दुखतात. तरी विषय निघाल्यावर ती म्हणाली, “आण की इळी खाली,” आणि भिंतीला धरून बसली. पाच मिनिटंच बसू शकली. तेवढ्यात मी तिच्या पावलाची तीन चित्रं काढली. अंगठा पाटाच्या कडेवर वळलेला असतो आणि टाच किंचित उचललेली. हे मला कल्पनेने कधीच काढता आलं नसतं. पुठ्ठ्याचे दोन काटकोन कापून, ते चित्रावर मागेपुढे सरकवत कुठे कापायचं ते ठरवलं. घोट्याच्या वर चार बोटं, तिथेच लुगडं संपवलं.

मग काळ्या-पांढऱ्याचा प्रश्न आला. मी आपली काळ्या पेनाने बाह्यरेषा काढून आणली. बाई म्हणाल्या, “ही एवढीशी काळी रेघ ठेवायला तुला दोन्ही बाजूंचं रान कोरून काढावं लागेल आणि शेवटी ती रेघ तुटेल. तू काळं काढू नकोस, पांढरं काढ.” त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढून नंदलाल बोस यांचं १९३० सालचं लिनोकट दाखवलं, दांडीयात्रेतले गांधीजी, हातात काठी, काळ्या भुईवर पांढऱ्या रेघांनी उमटलेले. मग चित्तप्रसाद यांची लिनोकट दाखवली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारे चित्तप्रसाद पुढे मुंबईत अंधेरीला राहिले आणि तिथे त्यांनी लिनोवर खूप काम केलं, हे मला ठाऊकच नव्हतं. राबणारी माणसं, उपाशी मुलं, आणि कुठेही करडा रंग नाही. जिथे उजेड पडतो तेवढंच कोरलेलं.

समजलं, पण हातात येईना. काळा कार्डपेपर आणि पांढरा खडू घेऊन घरी बसले, दोन कागद वाया गेले. तिसऱ्याला मध्येच उठून दारात रांगोळी घालायला गेले, दिवाळी तोंडावर आली होती. गेरूने सारवलेल्या फरशीवर चिमटीतून पांढरी रेघ सुटत होती आणि मी तिथेच थबकले. रांगोळी घालताना काळं कुठे राहील याचा विचार आपण कधी करतो? भुई आधीच आहे, आपण फक्त उजेडाची रेघ सोडतो. सात वर्षांची असल्यापासून मी हे करत आले आहे. आत आले आणि खडू चिमटीत धरल्यासारखा धरून लुगड्याचा काठ काढला. त्याच रात्री पूर्ण चित्र झालं. घोट्याचं हाड एका पांढऱ्या चंद्रकोरीने उमटलं.

लिनो म्हणजे मुळात जमिनीवर अंथरायची वस्तू. जवसाचं तेल आटवून त्यात कॉर्कचा भुसा मिसळायचा आणि तागाच्या कापडावर थापायचं, अशी ती इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात निघाली. उन्हात ठेवली की तिला जवसाचा मंद वास येतो आणि ती मऊ होते. आमच्या गच्चीवर दहा मिनिटं ठेवली की कोरणी लोण्यात शिरल्यासारखी शिरते. सावलीत अर्ध्या तासाने पुन्हा कडक होते, की पुन्हा गच्ची. माझा तुकडा पंधरा बाय वीस सेंटिमीटरचा. कोरण्या दोन पुरतात, बारीक रेघेला व्ही आकाराची आणि मोकळी जागा साफ करायला यू आकाराची. बाकीच्या पेटीत पडून राहतात.

कोरणी खोल घालायची नाही, ती जवळजवळ आडवी धरून पुढे ढकलायची. रेघ जाड हवी असेल तर जरा जास्त दाब, बारीक हवी तर कमी. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. हे बाईंनी पाच वेळा सांगितलं होतं. तरी घोटा कोरताना मी डावा हात पुढे ठेवला आणि कोरणी निसटून तर्जनीत गेली. कोरणी बोथट झाली होती म्हणून मी जोर लावत होते. धार नसलेलं हत्यार जास्त लागतं, कारण त्याला रेटावं लागतं. पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी चप्पल लाईनमधून कातड्याचा एक जाड तुकडा मागून आणला. त्यावर पॉलिशची पेस्ट लावून दर वीस-पंचवीस मिनिटांनी कोरणी उलटी ओढायची, ढकलायची नाही. तेव्हापासून एकदाही निसटली नाही.

सरळ रेघा जमल्या, वळणं जमेनात. पात्याचा बाक कोरताना कोरणी वळवली की रेघेला कोपरे पडायचे. टाचेचं वळण तर नुसतं करवतीसारखं झालं. त्या रविवारी मी खोलीत सगळ्यात शेवटपर्यंत बसले होते. बाई शेजारी येऊन म्हणाल्या, “इळीवर भोपळा कसा चिरायची गं तुझी आजी?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“पातं फिरायचं का?”

पातं जागचं हलत नाही. ते पायाखाली घट्ट, आणि दोन्ही हातांनी भोपळा फिरतो. मी कोरणीचा हात टेबलाला टेकवून स्थिर धरला आणि डाव्या हाताने लिनो तिच्याखाली सावकाश फिरवला. पात्याचा बाक एका दमात आला, सुरुवातीपासून टोकापर्यंत, कुठेही कोपरा नाही. मी तोच बाक टाकाऊ तुकड्यावर दहा वेळा काढून बघितला. ज्या वस्तूचं चित्र मी इतके महिने काढत होते, तिनेच ते कसं कोरायचं हेही सांगून ठेवलं होतं. मी त्या दिवशी घरी चालत गेले.

एक चूक मात्र दुरुस्त झाली नाही. पात्यापाशी कोथिंबिरीची जुडी ठेवायची होती. पानं काळी, भोवती पांढरं. साफ करता करता यू कोरणी पुढे गेली आणि अर्धी जुडी उडाली. लिनोवर खोडरबर चालत नाही, कोरलेलं परत भरत नाही. दोन दिवस तुकड्याकडे बघवेना. मग काडेपेटीच्या चौकटींची वही काढली आणि त्या कोपऱ्यासाठी नव्या सहा चौकटी काढल्या. चौथीत उत्तर होतं, जुडी नाहीच, चिरलेली कोथिंबीर पाटावर सांडलेली. उरलेली काळी पानं तुकड्यातुकड्यांनी विखुरली आणि भोवतीच्या जमिनीत कोरणीच्या बारीक रेघा राहू दिल्या. मी त्या साफ करणार होते, बाईंनी हात धरला. “राहू देत. हात इथून गेलाय हे कळू दे.” आज मला पूर्ण चित्रात तोच कोपरा सर्वांत आवडतो.

छपाईचं साहित्य थोडं लागतं, काच, रबरी रोलर, तेलाची काळी शाई. शाई काचेवर पातळ पसरायची आणि रोलर उचलून उचलून फिरवायचा. ओल्या रस्त्यावरून सायकल गेल्यासारखा चर्र आवाज आला की शाई बरोबर. चिकट, पचपचीत आवाज आला तर जास्त. (हात आणि काच आधी गोडेतेलाने पुसायचे, मग साबण.) कागदासाठी मी हौसेने जाड हातकागद आणला होता. त्याच्या खडबडीतपणावर काळं नुसतं ठिपक्याठिपक्यांचं आलं. पातळ, लांब धाग्यांचा नेपाळी कागद मात्र शाई झटकन ओढून घेतो. घासायला बाई लाकडी चमचा वापरतात. माझ्याकडे आजीची काशाची वाटी होती, उन्हाळ्यात तिच्या तळपायांना तूप लावून आम्ही तीच वाटी घासायचो. तिची पालथी बाजू गुळगुळीत आणि हाताच्या मुठीत बसणारी. मधून कडेकडे गोल गोल घासत गेलं की कागदाच्या पाठीवर पावलाचा आकार हळूहळू दिसायला लागतो.

पहिला ठसा फिका. दुसऱ्यात जोडव्यांच्या रेघा शाईने भरल्या, भेंडीच्या बियांसारख्याच. तिसरा स्वच्छ आला. तो ओला असतानाच दोन्ही हातांवर धरून घरी नेला आणि आईपुढे ठेवला.

आईने चष्मा लावला. “पाय डावा आहे,” म्हणाली. “आई उजवा ठेवायची.”

बटाट्यावरचा ‘क’ मला आठवला. ट्रेसिंग पेपर उलटा करून लिनोवर उतरवायचा असतो, इतर सगळं सांभाळताना मी तो सुलटाच उतरवला होता. बाई म्हणाल्या, चित्र म्हणून काही बिघडत नाही, आहे तसं चांगलं आहे. पण मला ते सोडवेना. डावा पाय म्हणजे दुसरंच कुणीतरी बसलं होतं. नवा तुकडा आणला, ट्रेसिंग उलटून उतरवलं आणि पुन्हा सुरुवात केली. पहिल्याला सहा आठवडे लागले होते, दुसरा नऊ दिवसांत झाला. कोथिंबीर या वेळी ठरवून सांडली, आणि बाक कोरताना लिनो आपोआप फिरत होता.

बारा प्रती काढल्या. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगून पाच दिवस वाळवल्या. स्वयंपाकघरभर शाईचा वास होता. मग एकेका प्रतीखाली डावीकडे पेन्सिलीने १/१२, २/१२ असं लिहायला बसले. मध्ये चित्राचं नाव लिहायची जागा असते. तिथे ‘आजी’ लिहायचं हे जूनपासून ठरलेलं होतं.

आई शेजारी बसून वाळलेली एक प्रत बघत होती. या वेळी पाय उजवा होता. तिने अंगठ्यावरून बोट फिरवलं. “हा माझा पाय गं,” ती म्हणाली. “आईचं अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं. तुला कसं आठवणार.”

मी तिच्या पावलाकडे पाहिलं, मग ठशाकडे. पेन्सिलीला पुन्हा टोक केलं आणि बाराही प्रतींवर ‘इळी’ असं लिहिलं.